ऊन म्हणजे ऊन

फोटो पाहून सुप्रियाला आधी वाटलं, कुणीतरी भलत्याच कंपनीचा माल तिच्या माथी मारतंय. निळ्या ड्रममध्ये पांढरीशुभ्र, बोटांतून सुटणारी पावडर असायला हवी होती. फोटोत होता तो पिवळट ठोकळा. ड्रमचाच आकार घेतलेला, वरून गुळगुळीत, आणि त्यात मधोमध हैदराबादच्या गिऱ्हाइकाच्या कुणा कामगारानं रोवलेली पहार. पहार रोवूनही तो फुटला नव्हता. मग दुसरा फोटो आला, तिसरा आला. सगळे ड्रम तसेच. त्यांच्यावरचं लेबल मात्र कंपनीचंच होतं आणि लेबलावरची सही तिची स्वतःची.

पाठोपाठ फोन आला. बोलणारा माणूस सभ्य होता, आरडाओरडा करत नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "मॅडम, ये क्या भेजा है?" सुप्रियानं फोन कानापासून खाली घेतला. ती लॅबमधल्या स्टुलावर बसली ती बसलीच. शेजारून तिची सहकारी दीप्ती "अगं, काय झालं? बोल ना!" म्हणत हलवत होती. सुप्रियानं मोबाइल तिच्या हातात दिला. दीप्तीनं फोटो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

ही सुप्रिया महिपत ढेबे मूळची पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली. एसटी जिथून मागं वळते तिथून पुढं पायवाटेनं चढत गेलं की तिची वाडी येते. वडील महिपत गुरं राखणारे, जोडीला थोडी नाचणी-वरी. आई रंगूबाई. वाडीतली निम्मी पोरं मुंबईत. तिचा थोरला भाऊही तिकडंच, गणपतीला नि शिमग्याला तोंड दाखवणार. सुप्रिया मात्र हट्टानं इथंच राहिली. महाडला रसायनशास्त्र शिकली, जवळच बिरवाडीला भाड्याची खोली घेतली आणि औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी सकाळी परत. महिपत वाडीभर सांगत फिरायचा, "माजी पोरगी आठवड्याला घरी येते. मुंबयवाल्यांनी सांगावं!" त्या एका वाक्यासाठी ती कंपनीत काहीही सोसायला तयार होती.

आणि सोसावं लागायचं, त्यात काही खोटं नाही. हा धंदा मोठा निर्दयी. आज तुम्ही नवा माल काढलात की उद्या वापीचा कुणीतरी तोच काढतो, परवा चीनमधून तो निम्म्या भावात येतो आणि मग गिऱ्हाईक तुमचा फोनसुद्धा उचलत नाही. म्हणून सारखं नवं काहीतरी शोधत राहायचं. त्यासाठी कंपनीनं एक छोटी लॅब ठेवली होती आणि ठाण्याच्या हेड ऑफिसच्या डोळ्यांत ती खुपत होती. "काही निघालं नाही तर ही लॅब बंद करून माणसं ठाण्याला नेतील," असं लॅबचे प्रमुख टिपणीससाहेब दर बैठकीत ऐकवायचे. ठाण्याला गेलं की महिपतचं वाक्य संपलं. सुप्रियाला बाकी कशाची भीती नव्हती, एवढीच होती.

अशा वेळी हाताखाली चांगली माणसं मिळावीत की नाही? टिपणीसांनी दिलेली दोघं बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला होता. एक मालोजी बिराजदार, उदगीरकडचा. आधी तो क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात होता. तिथं सगळ्यांशी वाद घालून झाल्यावर इकडं ढकललेला. दुसरा राजू, गोरखपूरकडचा. ड्रम धुता धुता मदतनीस झालेला. त्याचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण गेटवर पहिल्या दिवशी 'राजू' लिहिलं गेलं आणि तेच चिकटलं. ही काही कुणी विचार करून जुळवलेली टोळी नव्हती. जे कुणालाच नको होते ते तिच्या वाट्याला आले, इतकंच.

तिघांचं एकमेकांशी एक वाक्य धड पोचत नसे. सुप्रियानं "हळू ओत" म्हटलं की मालोजी बाटली हातात धरून उभा. "हळू म्हंजे? धारंनं का थेंबाथेंबानं?" तिनं थेंबाथेंबानं म्हटलं की राजू, "मैडम, मतलब?" मालोजी त्याला हिंदीत समजावायचा, ते सुप्रियाला चुकीचं वाटायचं, मग ती पुन्हा सांगायची आणि तोवर मालोजीला नवी शंका. बरं, नुसतं विचारून थांबेल तर तो मालोजी कसला! "असंच का? उलटं केलं तर काय बिघडंल?" हेही असायचंच. क्यूसीवाले चेष्टेनं त्यांच्या लॅबला 'म्हंजे-मतलब' म्हणत. सुप्रिया खोलीवर जायची तेव्हा तिचं डोकं अक्षरशः ठणकत असायचं.

हैदराबादच्या फोनच्या दोनेक वर्षं आधी त्यांना एक वेगळाच माल बनवायचा होता आणि तो काही केल्या दाणा धरत नव्हता. कोरडे, स्वच्छ कण पडायला हवेत, तर फ्लास्कच्या तळाशी नुसता डिंक साचायचा. वापीचे लोकही त्याच मालामागं लागलेत, अशी कुणकुण होती. टिपणीसांनी हात टेकले होते. ठाण्याहून निरोप आला होता की उन्हाळ्याच्या आत काय ते दाखवा.

पौषातल्या एका दुपारी टिपणीसांनी तिला अचानक बैठकीला बोलावलं. फ्लास्कमधला द्राव नुकता तापवून झाला होता आणि तो निवायला नको होता. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, असं सांगायचं सोडून तिनं दारातूनच हाक दिली, "फ्लास्क ऊन ठेवा रे, मी आलेच!"

आता पोलादपूरच्या डोंगरात ऊन म्हणजे गरम. पाणी ऊन, भाकरी ऊन. लहानपणी महिपत तिला सव गावच्या कुंडावर आंघोळीला न्यायचा, तेही ऊन पाणी. तिच्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही. पण उदगीरच्या मालोजीला ऊन एकच ठाऊक, आभाळातून पडतं ते. त्यानं फ्लास्क उचलला आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर, चांगल्या लख्ख उन्हात नेऊन ठेवला. थोड्या वेळानं राजू आला. त्यानंही हाक ऐकली होती, आणि त्याच्याकडं ऊन म्हणजे लोकर. मालोजीभैया लोकर गुंडाळायला विसरला, असं त्याला वाटलं. त्यानं गळ्यातला मफलर काढला, आईनं विणलेला, आणि फ्लास्कला छान गुंडाळून गाठ मारली. दोघांपैकी एकानंही त्या दिवशी 'म्हंजे?' विचारलं नाही. ती घाईत निघून गेली होती ना, विचारणार कुणाला?

बैठक लांबली. सुप्रिया परतली तेव्हा ऊन केव्हाच उतरलं होतं, गरम पाण्याचं भांडं रिकामं होतं आणि खिडकीबाहेर मफलर घातलेला फ्लास्क बसला होता. तिला क्षणभर कळेचना की आपण बघतोय ते काय आहे. सुरक्षा अधिकाऱ्याच्या नजरेला पडला असता तर तिघांचीही वरात गेटबाहेर निघाली असती.

"हे काय केलंत रे?" ती किंचाळलीच. "मी काय सांगितलं हुतं?"

"तुमीच म्हणलाव की ऊन ठेवा मनून," मालोजी म्हणाला. "मी उनातच ठेवलं."

"और ऊन भी लगा दिया, मैडम," राजू कौतुकाची वाट बघत म्हणाला.

"ऊन म्हंजे ऊन! आनी काय?" सुप्रिया ओरडली. रागाच्या भरात तिची महाडच्या कॉलेजातली भाषा पार गळून पडली. "ऊन म्हंजे गरम! एवडं कळत नाय?"

तिनं मफलरची गाठ ओढून सोडली आणि फ्लास्क उजेडात धरला. पुढची शिवी तोंडातच राहिली. आत डिंक नव्हता. काचेच्या भिंतींवर, तळाशी, सगळीकडं टपोरे, चकचकीत दाणे पडले होते. तिनं फ्लास्क हलवला तर ते किणकिणले. मालोजीनं पुढं होऊन तिच्या हातातून फ्लास्क काढून घेतला आणि स्वतः हलवून पाहिला. मग राजू हळूच म्हणाला, "मैडम, मतलब... हो गया?"

खरी गंमत पुढंच आहे. हे कशानं झालं, यावर तिघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. मालोजी म्हणे उन्हानं, राजू म्हणे मफलरनं, सुप्रिया म्हणे नशिबानं. प्रत्येकाला दुसऱ्याचं खोटं पाडायचं होतं, म्हणून नुसत्या उन्हात ठेवून पाहिलं, नुसतं गुंडाळून पाहिलं, सावलीत ठेवलं, पुन्हा तापवलं, पुन्हा निवू दिलं. शेवटी उमगलं की आधी थोडी ऊब देत राहायची आणि मग अगदी सावकाश निवू द्यायचं, एवढंच गुपित. साजूक तूप सावकाश गोठलं की रवाळ होतं, तसंच. एकमेकांचं पटत असतं तर त्यांनी एवढ्या परी करूनच पाहिल्या नसत्या.

माल बाजारात गेला. वापीवाले बघत राहिले. ठाण्याहून एक बाई आल्या, त्यांनी हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून भाषण केलं. एकाच साच्यातली माणसं काम झटपट उरकतात, पण त्यांना नवं सुचणं कठीण. वेगवेगळ्या मुलखांतली, वेगवेगळ्या सवयींची माणसं एकत्र आली की भांडणं वाढतात आणि शोधही वाढतात. धंद्यात चुरस जितकी जास्त, तितका हा फरक मोठा. बाई मनापासून बोलत होत्या. सुप्रियानं टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हणाली, हिला एक आठवडा मालोजीबरोबर काढू दे, मग बघू. नंतर तिघांचा एकत्र फोटो काढला, मोठा करून स्वागतकक्षात लावला. खाली लिहिलं होतं, 'वेगळी माणसं, नवी वाट'. फोटोत राजूनं मफलर घातला होता आणि सुप्रिया मधोमध हसत होती.

वर्ष सरलं नाही तोच वापीवाल्यांनी तसाच माल काढला. टिपणीसांनी सुप्रियाला बोलावून सांगितलं, "नवीन माल घ्यायचाय हातात. तू आता या कामाची प्रमुख. टीम तुझी तू निवड. कोण हवंय?"

यावर तिनं काय करावं? ज्या खिचडीनं तिला प्रमुख केलं तीच पुढं चालवावी, असं कुणालाही वाटेल. पण सुप्रियानं पापणीही न लववता दोन नवी नावं दिली. महाडची दीप्ती आणि जवळच्या नाते गावचा नीलेश. दोघंही तिच्याच कॉलेजची. टिपणीस चपापले. "अगं, आणि ते दोघं?"

"सर, मी थकले," ती म्हणाली. "मला एकदा सांगितलं की कळणारी माणसं पायजेत."

ती खरोखरच थकली होती, हेही मान्य करायला हवं. पण नुसता थकवा नव्हता. मालोजी सगळ्यांसमोर "असंच का?" विचारायचा ते आता प्रमुख झाल्यावर तिला बोचायला लागलं होतं. तिनं त्याला बोलावून सांगितलं की तू उद्यापासून पुन्हा क्यूसीला आणि राजू माल पाठवण्याच्या विभागात.

"म्हंजे?" मालोजी म्हणाला.

"म्हणजे तेच. यात काय म्हणजे?"

तो हसला आणि आपला चहाचा कप घेऊन गेला. राजूनं काहीच विचारलं नाही. पुढच्या होळीला तो गावी गेला तो परत आलाच नाही. त्याचा मफलर लॅबच्या दारामागं राहून गेला होता, तो दीप्तीनं उचलून खणात टाकला.

आणि नवी टीम काय सुंदर चालली! सुप्रियानं अर्धं वाक्य बोलावं, उरलेलं नीलेशनं पुरं करावं. "जरा ऊन कर रे," म्हटलं की नीलेश गरम पाण्याचं भांडंच पुढं करायचा. डबे एकत्र उघडायचे, सोलकढीवरून वाद नाही, सुट्ट्यांवरून वाद नाही. तिला घरी असल्यासारखं वाटायचं. ती आईला म्हणाली होती, "आता कामाला जावंसं वाटतं गो."

नव्या मालाची अडचण म्हणजे तो सादळायचा. आता सादळणं काय चीज आहे, हे या तिघांना कुणी शिकवायला नको होतं. पावसाळ्यात कपडे न सुकणं, चपलांवर बुरशी, पापडाचं कातडं, काडेपेटी चुलीजवळ ठेवायची, यातच तिघं लहानाची मोठी झालेली. त्यामुळं सगळ्यांचा एकच शत्रू ठरला, दमट हवा. नीलेश म्हणाला, दाण्याला वरून पातळ मेणाचा हात दिला तर? दीप्ती म्हणाली, अय्या, माझ्या मनात तेच होतं! सुप्रियाच्याही मनात तेच होतं. तिघांच्या मनात नेहमी तेच असायचं. त्यांनी एक मेण शोधलं, दाणे ऊन असतानाच त्यांच्यावर त्याचा हात फिरवला आणि ते आषाढातल्या हवेत उघडे ठेवले. पावडर सुटीच्या सुटी. नीलेशनं आनंदानं टेबलावर थाप मारली. हैदराबादच्या गिऱ्हाइकानं थंडीत नमुना पाहिला आणि मोठी मागणी नोंदवली.

त्याच सुमाराला एकदा कँटीनमध्ये मालोजी भेटला. तिघं जेवत होती, नीलेशच्या कुठल्यातरी विनोदावर हसणं चाललं होतं. मालोजी ताट घेऊन जाता जाता थांबला.

"ताई, मेण लावलाव म्हणं मालाला?"

"लावलं की."

"मग ऊन बगितलं का?"

"बघितलं रे," सुप्रिया म्हणाली. "ऊन असल्याशिवाय ते बसतंच नाही."

मालोजीचे ओठ काहीतरी विचारायला उघडल्यासारखे झाले. त्यानं नीलेशकडं पाहिलं, दीप्तीकडं पाहिलं. मग "बरं," म्हणून तो पुढच्या टेबलाकडं गेला.

मे महिन्यात माल रवाना झाला. ट्रक सोलापूरच्या पुढं बंद पडून उघड्या माळावर उभा राहिला. हैदराबादला पोचला तेव्हा तिथं जोडून सुट्ट्या होत्या, म्हणून ड्रम आवारात तसेच ठेवले गेले. दिवसभर ऊन खाऊन मेण वितळलं, त्यात दाणे मुरले, आणि निवल्यावर सगळ्याचा मिळून एक ठोकळा झाला. महाडला मे महिन्यात काही कमी तापतं असं नाही. पण लॅबमध्ये एसी, गोदामाला दुहेरी छप्पर आणि तिघांच्या डोक्यात बाराही महिने पाऊस.

टिपणीससाहेबांनी फोटो पाहिले तेव्हा ते ओरडतील अशी तिघांची अपेक्षा होती. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मेण उन्हात वितळतं. हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. तुम्हा तिघांत एकाच्याही मनात आलं नाही?"

"मला वाटलं, ताईंनी बघितलं असणार," नीलेश म्हणाला.

"मला वाटलं, नीलेशनं," दीप्ती पुटपुटली.

सुप्रियाला तेही म्हणता येईना, कारण तिला काही वाटलंच नव्हतं. एवढी शिकलेली तीन माणसं, इतके महिने रोज एका टेबलावर, आणि मेण उन्हात वितळतं हे एकालाही आठवू नये? तिचा स्वतःवर विश्वास बसेना. आपण वेडे झालो होतो का, असंही तिला वाटून गेलं.

बाहेर आल्यावर स्वागतकक्षात तिची नजर भिंतीवर गेली. 'वेगळी माणसं, नवी वाट'. मधोमध हसणारी ती स्वतः, एका बाजूला राजू, दुसऱ्या बाजूला मालोजी. आणि तिथं उभ्या उभ्या तिला कँटीन आठवलं. मग ऊन बगितलं का?

ती जवळजवळ पळतच क्यूसीत गेली. मालोजी नमुन्याच्या बाटल्या पुसत होता.

"मालोजी, त्या दिवशी कँटीनमध्ये तू मला काय विचारलं होतंस?"

त्यानं वर पाहिलं. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "ऊन बगितलं का, मनून विचारलो होतो."

"म्हणजे उन्हात ठेवून बघितलं का, असं?"

"मग अजून कोणतं ऊन असतंय, ताई?"

सुप्रिया त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली. "मी बघितलं म्हणाले."

"हाव. मला वाटलं, बगितलाव."

"अरे, मला वाटलं तू गरम करण्याचं विचारतोयस! तूच होतास ना रे, ज्यानं मला ऊन म्हणजे उन्हात हे शिकवलं? मग तेव्हा का नाही म्हणालास, म्हंजे म्हणून? एरवी दर वाक्याला विचारायचास!"

मालोजी बाटली पुसत राहिला. त्याला राग आला नव्हता, हेच तिला सहन होईना. "लॅबात असतो तर विचारलो असतो," तो म्हणाला. "आता तुमची मान्सं होती की सोबत. सगळे हसायलते. आपण मधीच कामून विचारावं, मनून गेलो."

तिला त्याच्यासमोरच रडू फुटलं. हुंदके देत ती "माझं चुकलं रे, माझं चुकलं," एवढंच म्हणत राहिली, आणि मालोजी गोंधळून तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

ठाण्याचा निर्णय आठवडाभरात आला. हैदराबादनं मागणी रद्द केली होती आणि ती वापीकडं गेली होती. लॅब बंद. दीप्ती आणि नीलेश कारखान्यातल्या इतर विभागांत. सुप्रियाला ठाण्याच्या मोठ्या लॅबमध्ये घेणार होते, पहिल्या मालाचं श्रेय तिच्या नावावर होतं म्हणून. टिपणीस म्हणाले, "बरं झालं म्हण, नोकरी वाचली." सुप्रियानं मान हलवली. खण रिकामा करताना राजूचा मफलर हाती आला. तो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा, हे कंपनीत कुणालाच सांगता येईना, तेव्हा तिनं तो पिशवीत घातला.

शनिवारी ती वाडीवर पोचली तेव्हा दिवस मावळत होता. गोठ्यात महिपत गुरं बांधत होता. रंगूबाई पडवीत आली.

"आलीस गो? पानी ऊन हाय, पाय धू."

"म्हणजे?" सुप्रियानं विचारलं. आपण काय विचारलं हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

रंगूबाई तिच्याकडं बघतच राहिली. पोरीला उन्हाचा त्रास झाला की काय, असं तिला वाटलं असावं. "म्हंजे काय म्हंजे? ऊन म्हंजे ऊन! आनी काय?"

सुप्रिया पायरीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. रंगूबाई घाबरली, तिनं महिपतला हाक मारली. तो हातातलं दावं तसंच घेऊन धावत आला.

"काय झालं गो? कोनी काय बोललं का?"

"आबा, लॅब बंद झाली," सुप्रिया म्हणाली. "सोमवारपासनं मला ठाण्याला जायचं हाय. तिकडंच ऱ्हायचं."

महिपतच्या हातातलं दावं खाली पडलं. त्याला बातमी कळली होती आणि नव्हतीही. तो एकदा तिच्याकडं, एकदा पिशवीकडं बघत राहिला.

"ठान्याला? म्हंजे?" तो म्हणाला. "मंग शनवारी?"